दुपारचे सहा युनिट

सुमित्राबाईंनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं, तेही नागपूरच्या मुलींच्या शाळेत, जिथं गणिताच्या तासाला निम्म्या वर्गाचं पोट दुखायचं. त्यामुळे आपल्याला कुणी काही समजावून सांगायला लागलं, की त्यांच्या कपाळावर आठी पडायचीच. मॉरिसव्हिलच्या दवाखान्यात नर्सनं खुर्ची पुढे ओढून इन्सुलिनचा विषय काढला, तेव्हाही ती पडली.

“हिला सांग, मी अकरा वर्षं घेतेय म्हणून,” त्या सुनेला म्हणाल्या.

आसावरीनं ते इंग्रजीत जरा मऊ करून सांगितलं. तिच्या मांडीवर साडेतीन महिन्यांचा शिव झोपला होता, आणि त्याच्याचसाठी सुमित्राबाई सहा महिन्यांकरता अमेरिकेत आल्या होत्या. येताना थर्मासात बर्फ घालून इन्सुलिनच्या बाटल्या आणल्या होत्या, पण त्या तीन महिन्यांतच संपल्या. शिवाय इथं येऊन साखर अशी चढली होती, की परीक्षितनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आईला सरळ गाडीत घालून डॉक्टरकडे आणलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि औषधच बदललं.

नर्स होती मोठी चिकाटीची. तिनं दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. सुमित्राबाईंना पहिल्याच नजरेला ते पटलं नाही. त्यांचं नागपूरचं इन्सुलिन दुधट असायचं, तळहातांत घोळवून मग भरायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि अर्ध्या तासानं जेवायचं.

“तुमच्या त्या बाटलीत दोन औषधं एकत्र होती,” नर्स सांगत होती आणि आसावरी मराठी करत होती. “एक लवकर चालणारं, एक सावकाश. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात. त्यामुळे औषधाच्या घड्याळाप्रमाणे तुम्हाला जेवावं लागायचं. आता आपण दोन्ही वेगळी केली.”

पहिली बाटली सावकाश चालणारी. रोज रात्री एकाच वेळेला घ्यायची. ती चोवीस तास सारखीच काम करते, मध्ये जोर नाही की उतार नाही. जेवा, नाहीतर जेवू नका, ती घ्यायचीच. आणि दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सुईत कधीच भरायची नाही. दुसरी बाटली जेवणाची. टोचल्यापासून पंधरा मिनिटांत सुरू होते, तास-दीड तासात तिचा जोर असतो आणि चार तासांत कारभार आटोपतो. म्हणून ताट समोर आल्याशिवाय ती टोचायची नाही. जेवण नाही तर तीही नाही.

सुमित्राबाईंची आठी थोडी सैल झाली. “म्हणजे एक मंद आचेवर ठेवलेलं दूध,” त्या म्हणाल्या, “आणि दुसरी फोडणी. मोहरी तडतडली की भाजी हाताशी हवी, नाहीतर जळलंच.”

आसावरीनं हे इंग्रजीत नेमकं कसं सांगितलं देव जाणे, पण नर्स खुर्चीत मागे रेलून हसली.

“आणि उपासाला?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“रात्रीचं नेहमीसारखं. जेवणाचं नको.”

“साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर?”

साबुदाणा म्हणजे काय ते सांगायला पाच मिनिटं गेली. ऐकून झाल्यावर नर्स म्हणाली, हा तर सगळा स्टार्च झाला, हे जेवणच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा उपास बाईनं एका वाक्यात निकालात काढला! सुमित्राबाईंना राग यायला हवा होता, पण त्या मनात म्हणाल्या, बाई हुशार आहे.

सुयांचा खोका औषधाबरोबर मिळाला. नारिंगी टोपणाच्या, बारीक सुया. नर्स म्हणाली, याच वापरा. यापलीकडे ती काही बोलली नाही, आणि बोलणार तरी काय? जगात दुसऱ्या मापाच्या सुया असतात हे त्या बिचारीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

घरी आल्यावर परीक्षितला चेव चढला. फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. रात्रीचे अठरा युनिट तोच भरून देणार, नाश्त्याचे आणि रात्रीच्या जेवणाचेही तोच. दुपारी तो ऑफिसात, म्हणून दुपारचे सहा युनिट तेवढे आईकडे. “अरे, मी काय कुकुलं बाळ आहे का?” सुमित्राबाई म्हणायच्या. पण मुलगा दंडाला धरून सुई टोचतो याचं त्यांना आतून बरंही वाटायचं. साखरेचे आकडे मात्र त्या स्वतः वहीत लिहायच्या. चौकटी आखून, निळ्या शाईनं, चारही वेळचे. दहा-बारा दिवसांत आकडे असे शिस्तीत आले, की परीक्षितनं वहीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला.

आता खरी गोष्ट सांगते. आसावरीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सहा नोव्हेंबरच्या सोमवारी तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं. दिवसभर शिवला कोण बघणार? एक, आजी. दोन, कोपऱ्यावरचं डेकेअर, तिथं एक जागा रिकामी होती आणि त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचं होतं. सुमित्राबाईंना डेकेअर हा शब्दच सोसवत नव्हता. रांगेनं पाळणे, आणि एवढुशा जिवाला नंबराप्रमाणे दूध! मग मी सात समुद्र ओलांडून इथं आले कशाला, टीव्ही बघायला? आसावरीचाही कल आजीकडेच होता. फक्त, अकरा वर्षं इन्सुलिनवर असलेली चौसष्ट वर्षांची बाई दिवसभर तान्ह्या बाळाबरोबर एकटी, ही काळजी तिच्या पोटात होती. ती बोलून दाखवत नव्हती, पण सुमित्राबाईंना दिसत होती.

या मुदतीच्या आठवडाभर आधी, शुक्रवारी हवा गारठली. शाल काढायला सुमित्राबाईंनी मोठी बॅग उघडली आणि तळाशी त्यांना नागपूरच्या सुयांचा खोका सापडला. लाल टोपणाच्या, चांगल्या चाळीसेक. जुनी मैत्रीण भेटावी तसा त्यांना आनंद झाला. इथल्या सुयांवरच्या रेघा मुंगीच्या पायासारख्या, चष्मा लावून खिडकीशी जावं तेव्हा दिसणार. आणि या कशा ठसठशीत! शिवाय न वापरता टाकायच्या म्हणजे जिवावर येतं. खोका त्यांनी आपल्या उशालगतच्या कपाटात ठेवला. आता यात कुणाला वावगं वाटेल, सांगा. सुई ती सुई, आणि सहा ते सहा.

शनिवारी दुपारी अरुण आणि उल्का जेवायला आले. परीक्षितच्या ऑफिसातलं जोडपं, मूळचे पुण्याचे. पाहुणे दारात आले तेव्हा सुमित्राबाईंनी आत जाऊन स्वतःच सुई टोचली, आणि बाहेर येऊन वाढायला लागल्या.

आणि इथं त्या जन्मभराच्या सवयीला बळी पडल्या. फोडणीचं तत्त्व त्यांना पाठ होतं, पण घरात पाहुणे जेवत असताना घरच्या बाईनं आधी बसायचं हे त्यांच्या हाडात नव्हतं. “काकू, तुम्हीपण बसा ना,” उल्का म्हणाली. “बसते गं, ही पोळी तव्यावर आहे,” म्हणत त्यांनी अरुणला तिसरी वाढली. मग भात, मग पुन्हा आमटी, मग कोशिंबिरीचा आग्रह. पाऊण तासानं त्या ताट घेऊन बसल्या तेव्हा हात थरथरत होते, आणि समोरची उल्का दोन-दोन दिसत होती. परीक्षितनं साखर तपासली. बावन्न. सत्तरच्या खाली गेली की धोका. अरुणनं धावत जाऊन संत्र्याचा रस आणला. उल्का तर रडायलाच लागली, जशी काही तिनंच पोळ्या जास्त खाल्ल्या.

“आई, नर्सनं काय सांगितलं होतं?” पाहुणे गेल्यावर परीक्षित कडाडला.

“चुकलं रे बाबा. ताट समोर आल्यावरच टोचायचं. कानाला खडा.”

“तुला एकटीला शिवबरोबर ठेवायचं म्हणजे…” त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. पण अर्धं वाक्यसुद्धा पोहोचायचं तिथं पोहोचलं.

सोमवारी त्यांनी काटेकोर केलं. आधी ताट वाढून घेतलं, मग सुई, लगेच पहिला घास. दोन पोळ्या, भाजी, वरणभात. तरी दीड तासानं घाम फुटला. साखर सहासष्ट. आसावरी वर शिवला पाजत होती. सुमित्राबाईंनी गुपचूप तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घेतली. वहीत सहासष्ट लिहिलं, कारण वहीत खोटं लिहिणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. पण वही त्यांनी उशीखाली ठेवली. मंगळवारी एकसष्ट. पुन्हा गुपचूप साखर. परीक्षितनं वही मागितली तेव्हा “अरे, ठीक आहे सगळं,” एवढंच म्हणाल्या. मनात मात्र त्या नव्या औषधाला शिव्या घालत होत्या. तीन दिवसांवर शुक्रवार. शुक्रवार पार पडू दे, मग बघू.

बुधवारी परीक्षित घरून काम करत होता. दुपारचं त्यानंच भरून दिलं, आणि साखर एकशे अडतीस! सुमित्राबाईंना हायसं वाटलं.

गुरुवारी आसावरी ऑफिसात लॅपटॉप आणि ओळखपत्र घ्यायला गेली. चार तासांचा प्रश्न होता. न बोलता घेतलेली परीक्षाच म्हणा ना. सुमित्राबाईंनी शिवला दूध पाजलं, निजवलं, ताट वाढलं, सहा युनिट टोचले, वेळेवर जेवल्या. दीड वाजता शिव उठला. त्याला खांद्यावर टाकून त्या खोलीत फेऱ्या मारत होत्या, आणि तिसऱ्या फेरीला त्यांना कळलं की आपले पाय आपले नाहीत.

अंगातून कुणी बळ ओढून घ्यावं तसं झालं. शिव अचानक मणामणाचा लागला. पाळणा चार पावलांवर होता. त्या भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत गेल्या, आणि त्याला कसाबसा आत ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ सुटलाच. तो टाहो फोडून रडायला लागला. त्या रडण्याकडे पाठ करून त्या स्वयंपाकघरात गेल्या, जमिनीवरच बसल्या आणि रसाच्या बाटलीला तोंड लावलं. अठ्ठेचाळीस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा एकोणऐंशी. तोवर शिव रडून रडून झोपला होता. सुमित्राबाई पाळण्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि ढसाढसा रडल्या. पाळणा आणखी चार पावलं लांब असता तर? हा एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा.

मग डोळे पुसून त्या वही घेऊन बसल्या. गणित सुटत नसलं की त्या मुलींना सांगायच्या, रडू नका, दिलेलं काय आहे ते मांडा.

मांडलं. साखर उतरते ती फक्त दुपारी. सकाळी नाही, रात्री नाही. म्हणजे रात्रीच्या औषधाचा दोष नाही, ते तर दिवसभर सारखंच चालतं. दुपारी उतरते तीसुद्धा मी टोचते त्या दिवशी. परीक्षितनं भरलं की बरोबर. मग माझा हात चुकतो म्हणावं, तर आधीचे दहा-बारा दिवस मीच टोचत होते आणि तेव्हाचे आकडे सोन्यासारखे. शनिवारी उशिरा जेवले, कबूल. पण सोमवार, मंगळवार, गुरुवार तर वेळेवर जेवले. मग शनिवारपासून बदललं काय?

उत्तर आलं आणि त्यांच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. शनिवारपासून सुई बदलली.

त्या उठल्या. एक लाल टोपणाची सुई, एक नारिंगी टोपणाची, दोन्ही खिडकीशी नेल्या. लाल सुईवर बारीक अक्षरांत चाळीस लिहिलं होतं. नारिंगीवर शंभर. आणि औषधाच्या बाटलीवरही शंभर. भारतातल्या त्यांच्या बाटल्या एका मिलीला चाळीस युनिटच्या असायच्या, आणि सुयाही त्याच मापाच्या. इथलं औषध एका मिलीला शंभर. लाल सुईत पाण्याचे सहा युनिट भरून त्यांनी चमच्यात सोडले, आणि ते पाणी नारिंगी सुईनं ओढलं. चौदाच्या पुढे आलं, एखादा थेंब चमच्याला चिकटला होता. सहा भागिले चाळीस, गुणिले शंभर. पंधरा. सहाच्या जागी त्या रोज पंधरा टोचत होत्या.

सातवीच्या पोरीला घातलं असतं हे गणित, आणि चुकली असती तर ओणवं उभं केलं असतं.

साडेतीन वाजले होते. आसावरीला यायला अर्धा तास होता. आणि या अर्ध्या तासात सुमित्राबाईंच्या मनात जे आलं ते लपवून काय उपयोग? मनात आलं, सुया टाकून द्याव्या. उद्यापासून नारिंगी वापरली की साखर उतरणारच नाही. दोष सापडला, दुरुस्त झाला, कुणाला सांगायची गरजच काय? सोमवारपासून शिव आपल्याजवळ. त्यांनी खोका कचऱ्याच्या डब्यात टाकलासुद्धा, वर केळ्याची सालं ढकलली. मग पाळण्याजवळ आल्या. झोपेत शिवचा हुंदका अजून निघत होता. त्या परत गेल्या, खोका काढला, पुसला, आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. शेजारी दोन सुया, चमचा, वाटीत पाणी आणि वही.

आसावरी आली ती खुशीत होती. टेबल पाहून थबकली.

“बस,” सुमित्राबाई म्हणाल्या, “आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्यानं सांगणं व्हायचं नाही.”

त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारचे सहासष्ट, मंगळवारचे एकसष्ट, आजचे अठ्ठेचाळीस. पाण्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवला. सुनेनं चमच्यातलं पाणी पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

“आज शिव कुठे होता?”

“माझ्या हातात.”

आसावरीनं वही स्वतःकडे ओढली. “आणि सोमवारी तुम्ही सांगितलं नाहीत.”

“नाही सांगितलं. तू डेकेअरला हो म्हणशील म्हणून.”

“आई, सुई चुकली ते कुणाचंही चुकलं असतं. पण तुम्ही लपवलंत.” ती शिवला उचलून वर गेली. सुमित्राबाई तिथंच बसून राहिल्या. शाळेत कॉपी करताना पकडलेली पोर अशी बसायची, आणि त्या अशा पोरींना कधी दया दाखवत नसत.

अर्ध्या तासानं आसावरी खाली आली. तोवर तिनं नर्सला फोन केला होता. नर्स म्हणाली होती, हे मला ठाऊकच नव्हतं, आता बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सुई दाखवायला सांगेन.

“डेकेअरला मी हो सांगणार आहे,” आसावरी म्हणाली. “तीन आठवड्यांसाठी. रोजची वही मला दाखवायची, उशीखाली नाही ठेवायची. एकदाही साखर उतरली नाही, तर शिव घरी.”

“फेरपरीक्षा,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“हो. फेरपरीक्षा.”

आपण हे भोगायचंच, असं म्हणून त्यांनी मान हलवली. तीन आठवडे सकाळी शिव गाडीत बसून जायचा, आणि त्या दारात उभ्या राहायच्या. दुपारी रिकाम्या घरात ताट वाढून घ्यायच्या, नारिंगी सुई खिडकीशी नेऊन एकेक रेघ मोजायच्या, टोचायच्या, जेवायच्या. एकशे एकवीस. एकशे चाळीस. एकशे अठरा. संध्याकाळी आसावरी वही पाहायची, खाली सही करायची. पालकांच्या सहीसाठी मुलींना आपण किती छळलं, हे सुमित्राबाईंना रोज आठवायचं.

तीन आठवड्यांत आकडा एकदाही शंभराच्या खाली गेला नाही. शेवटच्या सहीखाली आसावरीनं काही लिहिलं नाही. सोमवारी सकाळी तिनं शिवला सुमित्राबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि दुधाच्या बाटल्या कुठे आहेत ते सांगितलं, जसं काही त्यांना माहीत नव्हतं.

दुपारचा बेत त्यांनी नीट आखला होता. आधी शिवचं दूध, तो झोपला की आपलं ताट. पण शिव कुठला आजीच्या बेतानं चालायला! साडेअकरालाच झोपला, बारा वाजून गेले तरी उठेना. त्याचं दूध करून ठेवलं. शेवटी त्यांनी ताट वाढलं, सहा युनिट टोचले, आणि सुई बाहेर निघते न निघते तोच तो उठला. भुकेनं ओरडायला लागला, लालबुंद होऊन, मुठी आवळून.

हातातला घास ताटात टाकून त्या उठल्या. त्याला आणून शेजारच्या झोक्याच्या खुर्चीत बांधलं, आणि दूध उचलायला हात गेला. लेकरू भुकेलं असताना आपण खायचं? आईच्या घरी नाही, सासरी नाही, नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात नाही, चौसष्ट वर्षांत कुणी भुकेलं असताना त्यांनी आधी घास घेतला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

“जेवलात?” पलीकडून आसावरीनं विचारलं. मागून शिवचं रडणं तिला ऐकू जात असणारच. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

सुमित्राबाईंनी दुधाची बाटली खाली ठेवली.

“जेवतेय,” त्या म्हणाल्या. “टोचलंय ना मी. आधी मी, मग तुझा लेक.”

आणि शिव रडत असताना, त्याच्याकडे बघत बघत, त्यांनी वरणभाताचा पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घास गिळला, आणि दुसरा कालवला.